तारली, चार इंच

दिवसभर मी गाड्यांचे पोचे लपवतो.
रास अल खैमा, गॅरेजांची दुसरी गल्ली.
पांढऱ्यात सतरा पांढरे असतात, ते मला कळतात:
लँडक्रूझरचा वेगळा, पाण्याच्या टँकरचा वेगळा.
मालकाने पत्र्यावर बोट फिरवून विचारलं, 'कुठे होतं?'
की तेवढीच माझी शाबासकी.

सुट्टीच्या आदल्या रात्री मी गच्चीवर मासे करतो.
तिथे एक मायक्रोवेव्ह आहे, जेवणातून बाद केलेला.
सजीवन म्हणतो, ह्यात कधी भात तापवलास तर खून करीन.
दुधासारखं पातळ प्लास्टिक काचेच्या कपात
आधी खळ होतं, मग गोळा,
मग एकाएकी निवळतं.
तोंडाला फडकं, धूर वाऱ्याला,
आणि साच्यात धार.
साचा प्लास्टरचा, खऱ्या तारलीवरून उठवलेला.
बाजारातून डझनभर आणल्या होत्या,
एक साच्यात गेली, अकरा आम्ही तळल्या.

पहिलीला मी गाडीचाच रंग दिला,
चांदी, दोन हात, वर लॅकर.
शेपूट हलवली तशी पापडासारखी तडकली.
मऊ अंगावर वरून दिलेला रंग टिकत नाही,
तो आत मुरवावा लागतो.
मग मोत्याची कोरडी पूड, चिमूटभर,
आधी पांढरं पोट, ते गोठायच्या आत पाठ,
निळी, जराशी हिरवट.
कल्ल्यामागे टाचणीच्या डोक्याने काळा ठिपका.
सोनेरी डोळा.

सकाळी फोनवर हर्णैला दाखवली, पारूआत्येला.
पन्नास वर्षं मासळीची पाटी.
तिने चष्मा कपाळावर चढवला.
"कितीला घेतलीस?"
आत्ये, खोटी आहे ती.
"ते दिसतंय रे. पण मेलेली आहे."
मग जरा निरखून,
"पहाटेची मेलीय. चार-साडेचारला."

मी ओतलेल्या माशाची
मरणवेळ सांगून मोकळी.

आणि खरंच की.
बंदराच्या गावात वाढलो,
पण तारली मी पाहिली ती पाटीत,
बर्फावर,
तव्यात.
तो निळा, ती चांदी, तो ठिपका,
सगळं ती पाण्याबाहेर आल्यानंतरचं.

"पाण्यात तिला कसला रंग?" आत्ये म्हणाली,
"असता तर जगली असती काय?
वळते तेव्हा दिसते. वळून झाली की नाही."
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, फोन ओट्यावर उताणा पडला,
आणि मी बराच वेळ
पत्र्याचं छप्पर बघत घासाघीस ऐकत राहिलो.

दुपारी खोरावर गेलो.
तिवरांच्या कडेला, धक्क्यावर पालथा,
हनुवटी सिमेंटवर, सिमेंट तापलेलं.
चहाच्या रंगाचं पाणी. काही नाही.
काही नाही.
मग कोणी चमचा उलटा करावा तसं काहीतरी,
आणि पुन्हा चहा.
दादुल्ला होडीवाल्याने विचारलं, काय पडलं पाण्यात?
सांगता येईना.
तोही शेजारी पालथा झाला, शोधायला.

त्या रात्री पूड चिमटीत घेतली,
अर्धी परत टाकली,
उरलेलीतली पुन्हा अर्धी.
पाठीला नुसता धुरकट भास, पोट जवळजवळ कोरं.
ठिपका दिलाच नाही.
सजीवन म्हणाला, रंग द्यायला विसरलास.
मला सवय नाही इतकं थोडं करायची,
हात सारखा डबीकडे जात होता.

उजाडताना टाकली.
पाण्यात गेली ती मलाच दिसेना.
दोरी आहे म्हणून ती असणार, इतकंच.
एकदा वळली असावी, तिवरांच्या मुळांपाशी,
कारण मनगटाला झटका बसला,
काठी वाकली, आणि काही कळायच्या आत सैल.
तांबोशी असेल. मोठी असेल. गेलेली मोठीच असते.

गळाला पुढचा भाग तेवढा राहिला होता, डोळ्यासकट,
मागे दातांची कातर.

फोटो आत्येला पाठवला.
संध्याकाळी तिचा आवाज आला,
मागे लिलावाचा गलका,
"अर्धीच काय पाठवलीस रे मेल्या?
बाकीची कोणी खाल्ली?"