पाऊण ट्रे आलेपाक

पाव ट्रे सकाळीच गेला,
वॉचमनच्या बायकोकडे, तिच्या खोकल्यासाठी, उधारीवर.
उरला पाऊण.
सामंतांना हवाय दोन तृतीयांश, भरल्या ट्रेचा,
आणि त्यांचं शटर नऊला पडतं.

पाऊण मला कुणी शिकवला नाही.
पाऊण वाजला, पाऊण किलो, पाऊणशे,
घरात वावरणारा शब्द.
दोन तृतीयांशाला बाजारात कुणी हाक मारत नाही.
तो राहतो पुस्तकात
आणि सामंतांच्या हिशोबात,
कारण दुकान तिघा भावांचं
आणि त्यातला एक गोड विकत नाही.

पाचवीत शेट्ये गुरुजींनी हेच गणित घातलं होतं फळ्यावर.
मी वरच्यातून वरचा काढला, खालच्यातून खालचा.
तीनातून दोन गेले, एक.
चारातून तीन गेले, एक.
एक छेद एक.
म्हणजे पूर्ण!
पाऊणातून एवढं काढून घेतलं
तरी हातात अख्खं उरलं.
वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत.
म्हणाले, हिला दुकानात बसवा, भरभराट होईल.
मग लाल खडूने लिहिलं: छेद समान करा.
का करायचे, ते सांगायच्या आत घंटा झाली.

आज भांडुपला, टेंभीपाड्यात, ओट्यापाशी
हर्षाली ट्रेकडे वहीसारखं बघतेय.
"आई, तुझे तुकडे उभे.
सामंतांचे आडवे.
वजा कसे होतील?"
आणि सुरीला तूप लावते.
उभे छेद मी घातलेले, चार पट्ट्या,
एक गेलेली, तिच्या जागी अॅल्युमिनियम चमकतंय.
ती आडवे दोन घालते.
पाक अजून कोमट. सुरी चिकटते, सुटते,
चिकटते.

छेद.
चाळिशी ओलांडल्यावर कळलं
की हा शब्द सुरीचा आहे.

"अख्ख्या ट्रेचे झाले असते बारा.
आपल्याकडे नऊ.
त्यांच्या दोन ओळी, म्हणजे आठ,
पण बघ ना, प्रत्येक ओळीचा एक दात पडलाय."
तिसऱ्या ओळीतले दोन उचलून
ती त्या चमकत्या जागांत बसवते,
हलक्या हाताने, कोपरे जुळवत.
दोन ओळी भरल्या.
तिसऱ्या ओळीत राहिला एक.

पंजाएवढा. कडेला साखर फुटलेली.
बारातला एक.

मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.
गुरुजी,
केवढ्या मोठ्या पूर्णावर मी तेव्हा मान ताठ करून उभी होते,
आणि खरं उत्तर एवढंसं,
आल्याच्या वासाचं.

आठ तुकडे बटरपेपरात गुंडाळले, वर दोरा.
घड्याळात नऊला दहा कमी.
(ही वजाबाकी मला कधीच चुकली नाही.)
चप्पल घालता घालता म्हटलं, तो खाऊन टाक गं.
"थांब, आधी काढू दे,"
म्हणत तिने तो वहीवर ठेवला,
भोवती पेन्सिल फिरवली,
आणि उचलला तेव्हा
चौकोनाच्या आत तुपाचा डाग,
ज्यातून मागच्या पानावरचे आकडे दिसत होते.