साचे

धुळ्याला पारोळा रोडवर, एका जिन्याखाली माझं दुकान.
पाटी नाही.
दाताचे डॉक्टर मापं पाठवतात,
मी प्लास्टर कालवतो, ओततो, थापटतो
बुडबुडे निघेपर्यंत.
घट्ट होताना ते गरम होतं,
ताप आलेल्या पोराच्या कपाळाइतकं.
मग गार पडतं. मग तो जबडा.

तिसऱ्या फळीवर चार साचे एकीचेच.
बुडाला पेन्सिलीने: देवका हिलाल पाटील, ता. अमळनेर.
वय पाच. वय आठ. वय नऊ. वय अकरा.

ओठ शिवला चौथ्या महिन्यात,
टाळू दीड वर्षाची असताना.
शिवण छान बसली, सगळेच म्हणाले.
पण वण काही वाढत नाही पोरीबरोबर.
खालचा जबडा वयाप्रमाणे पुढे निघाला,
वरचा तिथेच,
सरीतलं एखादं कपाशीचं झाड
दगडावर मूळ लागून राहतं तसा.

सासरी म्हणाले, ग्रहणात वांगं चिरलं असशील.
तिची आई म्हणाली, आमच्या घरात वांगं चिरतं कोण,
आम्ही तर भाजतो.
हे मला सांगताना ती हसली.
तेवढंच, एकदा.

दूध नाकातून परत यायचं.
साखर घातली तर पोर पुन्हा तोंड लावायची.
म्हणून साखर. रात्री तीनदा.
वजन भरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं बजावलेलं.
वजन भरलं.
दातांचं कुणी बोललं नाही,
दात तेव्हा नव्हतेच.
आले तेव्हा वाकडे, फटीच्या काठाला दाटीवाटीने,
आणि त्यांच्यापाशी ब्रश न्यायची
आईची छाती होईना.
टाका तुटी जातीन ते?
टाके केव्हाच विरघळले होते, बाई.
भीतीचा दोरा वेगळा असतो.

साच्यात कीड पांढरी दिसते.
माझ्या हातात काळं काही येतच नाही.
खड्डा येतो, कड येते,
बोट फिरवलं की नखाला लागते ती जागा.
आठ वर्षांच्या साच्यावर
मी अशा सहा जागा मोजल्या
आणि पेन्सिल खाली ठेवली.

कमरेचं हाड काढून हिरडीच्या फटीत भरणार होते,
सुळा उतरायच्या आत.
पण किडक्या तोंडात हाड धरत नाही.
आधी हे निस्तरा, डॉक्टर म्हणाले, मग तारीख देतो.
ती कागद घेऊन माझ्याकडे आली.
माझ्याकडे का, ठाऊक नाही,
बस सुटायला वेळ असेल.
मी कोठे चुकनी, भाऊ?

मला उत्तरं देता येत नाहीत, मी कारागीर.
मी साचा तिच्या ओंजळीत दिला,
कोपऱ्यावरच्या दुकानातून लहान ब्रश आणला.
म्हटलं, इथे. या खाचेत. वरून खाली.
ती प्लास्टरलाही घाबरत होती.
दाबा, म्हटलं,
तुटला तर दुसरा करतो.
देवका स्टुलावर बसून पाय हलवत बघत होती
स्वतःचेच दात, आईच्या हातात, पांढरेशुभ्र.
मग म्हणाली, आता मी.
तिच्या बोलण्यात त नाकातून येतो, क गळ्यातच राहतो,
तरी कळलं.

चार दात काढले, दोन भरले.
नवव्या वर्षी हाड भरलं,
महिनाभर ती जिना एकेक पायरी चढत होती.

काल चौथा साचा ओतला.
फट बुजलीय, तिच्या मधोमध सुळ्याचं टोक,
ज्वारीच्या दाण्याएवढं.
वरचा जबडा अजून मागेच आहे.
पुढचं अठराव्या वर्षी बघू, असं कागदावर लिहिलंय.

दुसऱ्या साच्याच्या पुढच्या दातांवर
ब्रशचे ओरखडे आहेत, कडा झिजल्यात,
वासही येतो अजून, पुदिन्याचा.
मापाला तो आता चालायचा नाही.
डॉक्टरांनी विचारलं तर सांगेन,
हातातून पडला.