धडा सातवा : बाहेर जेवायला

खाली नागनाथ अप्पाची खानावळ,
वर, जिना संपतो तिथं, आमचा जर्मनचा क्लास.
साडेबाराला येसर आमटीला फोडणी बसली
की सगळ्यांचं व्याकरण बिघडतं.

कादरी सरांनी आज खांद्यावर नॅपकिन टाकला, वेटर झाले.
बोखुमला दोन वर्षं ताटल्या धुतल्या त्यांनी,
टेबलाशी एकदाही बसले नाहीत.
हे ते स्वतःच सांगतात, हसून,
आणि आपण कुठं बघावं ते कळत नाही.

"शहर कासेल. संध्याकाळ. तुम्ही एकट्या.
भूक लागलीय. बोला."

महानंदा बिराजदार, बालरोग वॉर्ड, चार वर्षं,
दोन दिवसांच्या लेकराची शीर पहिल्या टोचणीत सापडवणारी,
दोन बाकांमधल्या फटीत अडकून पडली.
"सर, एकटी कशाला जाईन मी?"
"भूक लागलीय म्हणून."
"डबा असंल की."
"डबा नाही."
"मग रूमवर जाऊन भात टाकंन."
"बर्फ पडायलाय, महानंदा. दार उघडं राहिलंय. आत या."

आयनेन टिश. फ्यूर आयने पेर्झोन.
एका माणसासाठी टेबल.
वहीत लिहिलं, खाली अर्थ लिहिला,
आणि अर्थच परका वाटला.

मेनूकार्डाची झेरॉक्स, बटाटा अकरा तऱ्हांचा.
रुखसाना आणि मन्मथी एकाच कागदावर वाकलेल्या.
एकीला डुक्कर टाळायचंय, दुसरीला सगळंच मटण;
श्वाइन या शब्दावर दोघींचं बोट
एकदमच येऊन थांबलं.

"तुमचा आवडता पदार्थ?"
"इश एस्से सुशीला," महानंदा म्हणाली.
मी सुशीला खाते.
सर खुर्चीत बसले. नॅपकिन डोळ्याला लावला.
"तिथं असं म्हणू नका बाई. पोलीस येतील.
भिजवलेले चुरमुरे म्हणा, शेंगदाणे म्हणा,
नाव सांगू नका."

मग पाणी.
पाणी विकत, सर म्हणाले. नळाचं मागाल तर देतील,
पण भुवई वर जाईल.
आणि विचारतील, बुडबुड्यांचं का बिनबुडबुड्यांचं?

क्लास गप्प झाला.
ज्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं आलं
मी अकरावीला होते.
रात्री अडीचला घागरींच्या रांगेत
माझ्या घागरीला ओढणीची चिंधी बांधलेली, ओळखू यावी म्हणून.
बुडबुड्यांचं कुणी विचारलं नाही.
"पुढचा शब्द," सर म्हणाले.

दीडला सुटलो. सगळ्या रिक्षाकडं गेल्या.
आठ आठवडे या दारावरून चढले-उतरले,
आत एकदाही पाहिलं नव्हतं.
आत बाजार समितीचे हमाल, एक कंडक्टर, दोन पोरं मोबाईलवर.

"एक जण," मी म्हणाले.
"पार्सल?" अप्पा.
"नाही. बसून."

अप्पानं फॅमिली रूमचा पडदा सरकवला.
आत कांद्याची पोती, मोडका कूलर, गणपतीची रिकामी मखर.
पडदा परत ओढला.
"इथंच बसा मग. पंख्याखाली."

पोऱ्यानं न विचारता पाणी ठेवलं,
ग्लासात बोट बुडवूनच.
भाकरी आली, तिच्या कडेला राख चिकटलेली.
हमालानं तेलाची वाटी माझ्याकडं सरकवली,
चटणीवर घ्यायला, माझ्याकडं न बघता.
कंडक्टर मात्र बघत होता.
बघू दे.

"वरच्या क्लासच्या का तुम्ही?" अप्पा गल्ल्यावरून.
"काय शिकवायलेत म्हणे?"

तोंडात घास होता.
गिळला, मग सांगितलं,
"जेवायला."

अप्पानं थोडा वेळ हिशोबाच्या वहीकडं पाहिलं.
"फी किती त्याची?"