पहिला नंबर

बाणेरच्या ऑफिसात रात्री पावणेदहाला
रुबीनाने बग टाकला:
"एका नावाला दोन नंबर असतील
तर ॲप विचारत नाही. पहिला उचलतं."
मी म्हणालो, पहिलाच तर खरा असतो.
ती म्हणाली, तुझ्याच फोनवर बघ.

बघितलं.
ॲपला माझी यादी दिसत नाही,
ही त्यातली एक सभ्य गोष्ट.
वाटीभर साखर मागायला आलेल्या शेजाऱ्यासारखं
ते दाराबाहेर उभं राहतं,
आत येऊन डबे उघडत नाही.
यादी मीच चाळायची, एका नावावर बोट ठेवायचं,
तेवढाच नंबर बाहेर द्यायचा.

गॅस दुसरा.
गिझरवाले उचलत नाहीत.
डेक्कन चावी.
सोसायटी टँकर.
मग वैजनाथ डांगे.
सिंहगड रोडच्या खोलीत दोन वर्षं
एकाच कुकरचा भात खाल्लेला.
बोट ठेवलं.
चाचणीचा मेसेज गेला:
"तुमचा मित्र वाट पाहत आहे."

मिनिटभरात फोन.
"कोण वाट बघतंय? मी तर गुलटेकडीला, गाळ्यावर.
कांद्याची गाडी लागलीय."
मागे हमालांची हाळी, कुणीतरी गोण्या मोजतंय.
चुकून गेला, म्हणालो,
हा नंबर आधी माझ्या मित्राचा होता.
"असंल. सहा वर्षं झाली मला घेऊन.
दर संक्रांतीला एक मेसेज येतो बघा, तिळगूळ घ्या.
नाव नसतं. मीबी धाडतो उलटा.
तुम्हीच का ते?"

मीच तो.
वैजनाथने नवा नंबर कळवला होता,
मी तो जुन्याखाली जोडून ठेवला
आणि सहा वर्षं गोड गोड बोललो
एका अडत्याशी.

दुरुस्ती बारा ओळींची निघाली.
आता नावावर बोट ठेवलं की ॲप थांबतं,
दोन्ही नंबर समोर मांडतं,
विचारतं, कोणता?
रुबीनाने बग बंद केला,
रिकामा डबा उचलला, बस गाठायला पळाली.

जुना खोडणार होतो.
खोडला नाही, वेगळा काढला:
भिकोबा, कांदा, गुलटेकडी.
वैजनाथच्या नावाखाली आता एकच नंबर.
ॲपला विचारण्यासारखं काही उरलं नाही.

अकरा वाजलेत.
एवढ्या रात्री लावावा का फोन?

अडत्याने तर स्वतःहून केला.