गार असतानाच

नारीनहून निघून, डोलोनची खिंड ओलांडून
मी कोचकोरला पोचते
तोवर गाडी शहाणी झालेली असते.
शारशेन आके बॉनेट उघडतात, कान लावतात.
इंजिन साय धरलेल्या दुधासारखं शांत.
काय होतंय हिला, ते विचारतात,
आणि मी, दवाखान्याच्या दारात ताप उतरलेल्या पोराची आई असावी तशी
ओशाळून हसते.

तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, गार असतानाच आण.
गार असताना ती येतच नाही, मी म्हटलं.
बरं, मग मीच येतो.

आणि आले. सव्वाशे किलोमीटर,
कोळशाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून,
पान्यांची पेटी मांडीवर,
आईसाठी पाव किलो जर्दाळू,
जे तिनं पुडी न सोडताच फडताळावर टाकले.

आईचा राग जुना आहे.
ही ऑडी वडलांना विकली ती यांनीच.
आजारी जनावर गळ्यात बांधलं मेल्यानं,
असं ती नऊ हिवाळे म्हणत आली.
वडलांना त्यातले चारच ऐकायला मिळाले.

तरी रात्री तिनं शेगडीजवळची जागा त्यांनाच दिली.
खाली तीन गाद्या. पाहुण्याला दोन पुरतात.
तिसरी कशाची, मी विचारलं नाही.

जेवताना मी दुखणं सांगू लागले:
पहिली चार मिनिटं थरथरते,
पाय दाबला की गुदमरते,
मग नदीवरचा पूल आला की
जसं काही झालंच नव्हतं.
थरथरते म्हणजे कशी, केंजेगुल?
मला सांगता येईना. त्या आवाजाला शब्द नाही.
तेव्हा आई, ताटावरून मान वर न करता,
तोंडानं म्हणाली
धग्धग्, धग्,
फुस्,
धग्.
मधला खंडसुद्धा अगदी तेवढाच पाडला.

म्हणजे रोज पहाटे
ती खिडकीशी उभी असते तर.

सकाळी उणे सत्तावीस.
बॉनेटवरचा नमदा लाकडासारखा ताठ,
दोघांनी मिळून उचलून भिंतीला टेकवला.
मी किल्ली फिरवली.
दोनदा खाकरून ती लागली,
आणि अख्खं धूड हादरायला लागलं,
आरसा, आरशातलं माझं तोंड,
काचेवरचा वडलांनी चिकटवलेला घोडा.
शारशेन आके काहीच करेनात.
डोळे मिटून उभे. मिशा पांढऱ्या होत चाललेल्या.
किती वेळ कोण जाणे.
मग मोज्यातून हात काढला
आणि आत कुठेतरी एक वायर उपसली.

आवाज बदलला.
बर्फात बसकण मारलेला घोडा
पाय झाडत उठावा, तशी गाडी उठली.

हा सेन्सर, ते म्हणाले, बोटाएवढा,
हा खोटं बोलतो.
इंजिनला सांगतो, तू तापलेलं आहेस.
मग पेट्रोल बेताचंच मिळतं.
तापलेल्याला कोण जादा वाढतं?
ते बिचारं अर्धपोटी कुथत राहतं,
कुथून कुथून खरंच तापतं,
याचं खोटं खरं होतं,
आणि तेव्हा तू माझ्या दारात येतेस.

विकलीत तेव्हा ठाऊक होतं का?
आई दारात होती. अंगावर शाल नाही.
नऊ वर्षांत त्यांच्याशी पहिलं वाक्य.

ते पान्याला बोटानं पुसत राहिले.
जुलैत विकली मी, ते म्हणाले.
गार कधी ऐकलीच नव्हती.

आई काही बोलली नाही.
दारही लावून घेतलं नाही तिनं,
घरात थंडी शिरत होती.
मी इंजिन बंद करायला वाकले
तर म्हणाली,
राहू दे.