जोडशब्द

जुन्या सीबीएससमोर, कोर्टाच्या भिंतीला लागून
माझं टायपिंगचं टेबल. अकरा वर्षं.
'स्टिल' मी हजारदा मारला असेल:
अर्जदार सदर पत्त्यावर अजून राहतो,
भाडं अजून थकलेलं,
प्रकरण अजून प्रलंबित.
स्टिल म्हणजे अजून. तेवढं इंग्रजी मला येतं.

म्हणून सिव्हिलच्या डिस्चार्ज कार्डावर
स्टिलबर्थ वाचलं तेव्हा
मी हिरामणला म्हटलं,
बघ, अजून जन्म. असं लिहिलंय. अजून.
तो काही बोलला नाही.
अमरधामहून आल्यावर धुतलेले हात
त्याने पुन्हा धुतले.

गुंजाळ वकिलांनी पुढे कधीतरी सांगितलं, चष्मा पुसत,
हा स्टिल वेगळा, ताई.
निश्चल. हालचाल नसलेलं.
आणि मधे स्पेस सोडायची नाही,
एकच शब्द आहे.

आपल्यात उपजत म्हणतात.
उपजत गळा, उपजत शहाणपण.
उपजतच गेलं, एवढंच सासूबाई म्हणाल्या
आणि डिंकाच्या लाडवांचा डबा
माळ्यावर ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी दूध आलं.
त्याला कुणी कळवलंच नव्हतं.
ब्लाउज भिजला, गोधडी भिजली,
मोरीत उभी राहून मी पिळत राहिले.
वकिलांचं थोडं चुकलंच असणार.

महापालिकेत अशा जन्माचा नमुना वेगळा.
आईचं नाव, बापाचं नाव,
किती आठवडे, वजन किती, मुलगा की मुलगी.
बाळाच्या नावाला रकाना नाही.
मी पान उलटून
मागेसुद्धा बघितलं.

काल हरसूलकडची एक बाई आली, भोये आडनाव.
पिशवीतून कार्ड काढलं, चार घड्या घातलेलं.
ताई, काय लिहिलंय यात?
मागे तिघं उभे होते, प्रतिज्ञापत्रवाले.
मी त्या शब्दावर बोट ठेवलं,
अर्धा झाकला गेला.
विचारलं, पोरगा का पोरगी?
पोरगी.
नाव काय ठेवणार होतात?
ती आधी टेबलाकडे बघत राहिली.
मग सांगितलं, इतकं हळू
की मला दोनदा विचारावं लागलं.

कोरा कागद घेतला. ठळक अक्षरात
मधोमध तेवढंच टाइप केलं.
खाली तारीख.
पैसे घेतले नाहीत.

हरसूलची गाडी लागली, भरली, सुटली.
ती बाकावर बसून आहे,
कागदाची घडी न घालता,
अजून.