सहल, इयत्ता चौथी

हरिपुराहून तीन टमटम, मुलं अठ्ठावीस,
तिकीट पाच रुपये, बाईंना माफ.
फाटकावरची पाटी: 'पक्ष्यांना त्रास देऊ नये',
त्यातला एक काना पावसानं कधीचा नेलेला.

पहिल्या जाळीत सोनेरी फेझंट.
मूळ देश चीन.
"बाई, ह्याला हळद लागलीया!" शाल्मली ओरडली.
आणि खरंच,
पेवातनं पोती उपसून वर आलेला हमाल
अंग न झटकता उन्हात उभा राहावा
तसा तो उभा होता,
दमलेला, पिवळाधमक.

पुढं काकाकुवा.
राग आला की तुरा उघडायचा, गेला की मिटायचा.
(आमच्या केंद्रप्रमुखांचं कपाळ आठवलं,
मी हसू ओढणीत लपवलं.)

मग एमू.
त्याच्याकडं बघून कुणी काहीच बोललं नाही.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होता,
जेवणावळीत चपला हरवलेल्या पाहुण्यासारखा.

शेवटच्या पिंजऱ्यात मकाव.
निळा इतका, की 'निळा' हा शब्द तोकडा पडावा.
छातीवर झेंडू, चोचीचा अडकित्ता,
पेरूची फोड सावकाश कातरत बसलेला.
"ॲमेझॉन नदीकाठचा पक्षी," मी वाचून दाखवलं,
"आपल्या कृष्णेपेक्षा पुष्कळ मोठी नदी."
मुलांना काही ते पटेना.
कृष्णेपेक्षा मोठी म्हणजे किती, बाई?
आमच्या माळ्याच्या वर? देवळाच्या वर?

तेवढ्यात तो बोलला.
मिठूमिठू नाही, रामराम नाही.
म्हाताऱ्या बाईच्या घोगऱ्या आवाजात,
अगदी आपल्याकडच्या हेलात:
"बोट आली काय वं?"

मुलं हसली.
सगळी नाही.

दस्तगीर मामूंनी झाडू भिंतीला टेकवला.
"महापुरात हितं गळ्याएवढं पाणी, बाई.
ह्याला पोत्यात घातला, शाळेच्या गच्चीवर नेला.
सहा दिवस. माणसंच माणसं.
एक म्हातारी कठड्याला धरून बसलेली,
घटकाभरानं एवढंच विचारायची.
आमी कुणी उत्तर देत नव्हतो. काय देणार?
ह्यो मातर ऐकत हुता."
"कुठली ती?"
"कुणास ठाव. पाणी उतरलं,
जो तो आपापल्या चिखलाकडं गेला."

पाटीवरची नदी त्यानं कधी बघितलीच नसणार.
जन्म बहुधा पुण्यातल्या कुठल्या दुकानातला,
शेजारी माशांच्या काचपेट्या.
त्यानं बघितलेली नदी एकच,
आणि ती स्वतः चालत त्याच्या पिंजऱ्यात आली होती.

सन्मती उपाध्ये, पट क्रमांक अकरा,
हजेरीलासुद्धा नुसती मान हलवणारा.
जाळीला नाक लावून म्हणाला,
"आली."

पक्ष्यानं मान वाकडी करून
एका डोळ्यानं त्याला पाहिलं.
पेरूची फोड खाली पडली.
मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं,
आणि पुन्हा तेच विचारलं.

"आली की," सन्मती म्हणाला. "चल."

बाहेर टमटमवाले भोंगे वाजवायला लागले होते.
मी मुलं मोजली, अठ्ठावीस.
पुन्हा मोजली.
चिंचांच्या रस्त्याला लागेपर्यंत
सन्मती मागंच बघत बसला होता,
शेजारी एक जागा धरून.

'मी पाहिलेला पक्षी', दहा ओळी,
असा विषय उद्या फळ्यावर द्यायचाय.
दहा म्हणजे फार होतील.